कोचिंग म्हणजे क्लास नव्हे! जव्हार-मोखाड्याच्या कॉलेजात 'कोच' शिक्षक काय वेगळं करतो?

'कोचिंग' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? नीट-जेईईचे क्लास, कोटा, लाखांची फी आणि चौकाचौकात टॉपरांचे फ्लेक्स. या लेखातलं कोचिंग ते नाही.

इथे प्रश्न वेगळा आहे. कॉलेजातला नेहमीचा प्राध्यापक, नेहमीच्याच वेळापत्रकात, मुलांशी थोड्या वेगळ्या पद्धतीने बोलू लागला तर मुलं शिक्षणात टिकतात का? पुढे जातात का? आणि पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत, जिथे वर्गातली कितीतरी मुलं घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली असतात, तिथे ही पद्धत कशी वापरायची?

थोडक्यात उत्तर असं: उपयोग होतो, पण एक पथ्य पाळलं तर. माहिती शिक्षकाने द्यायची आणि निर्णय विद्यार्थ्याला विचारायचा. बहुतेक वेळा होतं नेमकं उलट. निर्णय आपण सुनावतो आणि माहिती 'नोटीस बोर्डावर लावली आहे' म्हणून मोकळे होतो. आता सविस्तर पाहू.

कोचिंग हा शब्द आला कुठून?

हंगेरीत कोच नावाचं एक गाव आहे. तिथे बनणाऱ्या आरामशीर घोडागाडीला गावाचं नाव पडलं आणि ते युरोपभर गेलं. रेल्वेच्या डब्याला आपण 'कोच' म्हणतो तो हाच शब्द. पुढे १९व्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी खासगी शिकवणी घेणाऱ्याला गमतीने 'कोच' म्हणू लागले. परीक्षेच्या पलीकडे नेऊन सोडणारी गाडी, असा त्याचा अर्थ. तिथून तो खेळाच्या मैदानावर गेला.

आजच्या अर्थाला वळण दिलं ते टेनिस शिकवणाऱ्या टिमथी गॅलवे या अमेरिकन माणसाने. १९७४ साली आलेल्या 'द इनर गेम ऑफ टेनिस' या पुस्तकात त्याने मांडलं की खेळाडूला सतत सूचना देत राहिलं तर तो आणखी बिघडतो. त्याऐवजी 'चेंडू कसा येतोय, ते नीट बघ' एवढं सांगितलं की तो स्वतःच सुधारत जातो. मोटार शर्यतीत भाग घेणारे ब्रिटिश जॉन व्हिटमोर यांनी हा विचार कामाच्या ठिकाणी नेला. १९९२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे कोचिंगची चार प्रश्नांची पद्धत जगभर पसरली. ती पुढे पाहणारच आहोत.

शिकवणं, मार्गदर्शन, समुपदेशन आणि कोचिंग: फरक काय?

हे चार शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. कामं मात्र वेगळी आहेत.

शिकवणं: मला येतं ते तुला समजावून सांगतो.

मार्गदर्शन: मी या वाटेने गेलो आहे, तुला खाचखळगे दाखवतो.

समुपदेशन: मनाला झालेला त्रास समजून घेऊन त्यातून बाहेर यायला मदत. हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे.

कोचिंग: तुला कुठे पोचायचं आहे ते तू ठरव. वाट शोधताना मी प्रश्न विचारीन आणि तू ठरवलंस ते केलंस का, याची आठवण ठेवीन.

चांगला शिक्षक एकाच तासात यातल्या तीन भूमिका करतो. कुठे कोणती करायची, हे ओळखणं हेच खरं कौशल्य.

जव्हार-मोखाड्यात हा विषय महत्त्वाचा का?

२०११च्या जनगणनेनुसार या दोन्ही तालुक्यांत दहापैकी सुमारे नऊ जण अनुसूचित जमातींचे आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी हे इथले प्रमुख समाज. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचं आणि मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचं महाविद्यालय आहे. दोन्ही मुंबई विद्यापीठाला संलग्न. त्यामुळे बारावीनंतर नाशिक किंवा ठाणे गाठण्यावाचून इलाज नाही, अशी परिस्थिती इथे नाही.

पण कॉलेज जवळ असणं आणि कॉलेज पूर्ण होणं यांत अंतर आहे. देशाच्या २०२१-२२च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात १८ ते २३ वयोगटाचं एकूण नोंदणी प्रमाण २८.४ टक्के होतं, तर अनुसूचित जमातींचं २१.२ टक्के. या भागात त्यामागची कारणं डोळ्यांना दिसतात.

पहिलं कारण स्थलांतर. भात आणि नागलीची कापणी झाली की हाताला काम उरत नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे घरातले जास्तीत जास्त हात लागतात. गंमत म्हणजे कॉलेजचं दुसरं सत्रही दिवाळीनंतरच सुरू होतं.

दुसरं कारण भाषा. घरात वारली, कोकणा किंवा कातकरी बोली. पुस्तकातली मराठी ही एक पायरी वर आणि इंग्रजी त्याहून वर. उत्तर येत असूनही मूल गप्प बसतं. शिक्षकाला वाटतं, याला काही येत नाही.

तिसरं कारण घरातल्या अनुभवाचं. मेजर-मायनर म्हणजे काय, महाडीबीटीचा अर्ज कधी भरायचा, जात वैधता प्रमाणपत्र कुठे लागतं, हे सांगणारं घरात कोणी नसतं. शहरातल्या मुलाला हे दादा-ताईकडून जेवता जेवता कळतं.

पालघरचाच जुना धडा: कुरणशाळा

मुलाच्या परिस्थितीपासून सुरुवात करायची, ही कल्पना परदेशातून आयात करायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली याच जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत, याचा त्यांनी शोध घेतला. मुलं आळशी नव्हती. ती गुरं राखायला जात होती, धाकट्या भावंडांना सांभाळत होती. मग शाळाच त्यांच्याकडे गेली. अंगणात बालवाडी भरू लागली आणि गुरं चरतात तिथे कुरणशाळा.

कॉलेजातल्या प्राध्यापकाने यातून काय घ्यायचं? 'हा येत का नाही?' हा प्रश्न रागाने नव्हे, तर उत्तर हवं म्हणून विचारायचा.

शिक्षकाला लागणारी चार कौशल्यं

१. थांबणं. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून एक गोष्ट टिपली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात. ही वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेली की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. जो विद्यार्थी आधी मनात आपल्या बोलीत विचार करून मग प्रमाण मराठीत बोलतो, त्याला तर ही तीन सेकंदं फारच हवीत. 'आधी तुझ्या बोलीत सांग, मग पुस्तकातल्या भाषेत मांडू' एवढं म्हटलं तरी वर्ग बदलतो.

२. ऐकणं. विद्यार्थी बोलत असताना आपल्या मनात उत्तर तयार होत असेल, तर आपण ऐकत नाही. सोपी कसोटी अशी: त्याचं बोलणं संपल्यावर 'म्हणजे तुझं म्हणणं असं का...' असं म्हणून त्याचंच म्हणणं परत सांगता येतं का?

३. मोकळा प्रश्न विचारणं. 'अभ्यास केलास का?' याचं उत्तर हो किंवा नाही, आणि ते बहुधा 'हो सर' असंच येतं. 'कोणत्या भागात अडकलास?' याचं उत्तर द्यायला विचार करावा लागतो. 'का केलं नाहीस?' हा प्रश्न कोर्टातला वाटतो. 'काय आडवं आलं?' हा सोबतीचा वाटतो.

४. नेमका अभिप्राय देणं. 'छान' किंवा 'तू हुशार आहेस' यातून मुलाला पुढे काय करायचं ते कळत नाही. 'तू नागलीचं उदाहरण दिलंस म्हणून मुद्दा पटला. आता शेवटी निष्कर्षाची दोन वाक्यं घाल', यातून कळतं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८च्या प्रयोगांत हुशारीचं कौतुक झालेली मुलं अपयश आल्यावर लवकर माघार घेत होती. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अधिक वेळ झुंजत होती.

चार प्रश्नांची पद्धत

व्हिटमोर यांच्या पुस्तकातून पसरलेली पद्धत मराठीत अशी मांडता येईल:

ध्येय: तुला कुठे पोचायचं आहे?
वास्तव: आत्ता कुठे आहेस? काय अडतंय?
पर्याय: कोणकोणत्या वाटा आहेत? आणखी एखादी?
निर्धार: यातलं पहिलं काय करशील? कधी?

समजा, दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी महिनाभर आलेला नाही आणि आज परीक्षेचा फॉर्म भरायला आला आहे. नेहमीचा संवाद असा होतो:

"कुठे होतास महिनाभर?"
"गावी होतो सर."
"७५ टक्के हजेरी लागते, माहीत आहे ना? उद्यापासून रोज यायचं."
"हो सर."

संपलं. 'हो सर' म्हणजे होकार नसतो, ती संवादातून सुटका असते. आता तोच संवाद वेगळ्या पद्धतीने:

"ये, बस. महिनाभर दिसला नाहीस. काय चाललंय?"
"घरचे भट्टीवर गेलेत सर. मी पण पंधरा दिवस गेलो होतो. आता घरी आजी आणि धाकटी बहीण आहे."
"परीक्षेचं काय ठरवलंयस?"
"द्यायचीच आहे. बीए झालं की भरतीचे फॉर्म भरायचेत."
"मग आत्ता काय काय अडतंय?"
"सकाळची गाडी चुकते. हजेरी कमी आहे. आणि अर्थशास्त्राची दोन प्रकरणं काहीच कळली नाहीत."
"हजेरीचं काय करता येईल, ते मी विचारून उद्या सांगतो. ते माझ्याकडे. अभ्यासाचं तू काय करू शकशील?"

विद्यार्थी गप्प. शिक्षकही गप्प राहतात.

"आमच्या वर्गातला एक जण वसतिगृहात राहतो. शनिवारी त्याच्यासोबत लायब्ररीत बसलो तर वह्या उतरवता येतील. त्याला समजलंय ते."
"कोणत्या शनिवारपासून?"
"ह्याच."
"सोमवारी येऊन सांग काय झालं ते. नाही जमलं तरी ये."

पाच मिनिटंही लागली नाहीत. यात तीन गोष्टी झाल्या. खरं कारण बाहेर आलं. काम दोघांत वाटलं गेलं. आणि योजना विद्यार्थ्याच्या तोंडून आली, त्यामुळे ती त्याची झाली. शेवटचं वाक्य तर सगळ्यांत मोलाचं. 'नाही जमलं तरी ये' हे ऐकलेला मुलगा अपयश लपवायला कॉलेज सोडत नाही.

कुठे विचारायचं आणि कुठे सांगायचं?

कोचिंगच्या पुस्तकांत 'सल्ला देऊ नका, उत्तर समोरच्याच्या आत असतं' असं म्हटलेलं असतं. कंपनीतल्या मॅनेजरसाठी ते ठीक. पण शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत मुलाच्या आत नसते! तिथे 'तुला काय वाटतं?' असं विचारत बसणं म्हणजे वेळकाढूपणा.

सरळ सांगायच्या गोष्टी: महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, बँक खात्याला आधार जोडणं, जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडची वसतिगृह प्रवेशाची प्रक्रिया, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठीची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, हजेरी आणि परीक्षेचे नियम. कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना चालत असेल तर तीही. ही कल्पना मराठी मुलखातलीच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज याच तत्त्वावर उभं केलं.

विचारायच्या गोष्टी: कोणता विषय घ्यायचा, पदवीनंतर काय करायचं, शिक्षण आणि घर यांचा मेळ कसा घालायचा, लग्नाची बोलणी सुरू झाली तर घरी कोणाला सोबत घेऊन काय बोलायचं. इथे शिक्षकाचं उत्तर कितीही शहाणं असलं तरी ते जगायचं विद्यार्थ्याला आहे.

आणि तिसरा भाग: शिक्षकाने स्वतः करायच्या गोष्टी. कार्यालयात फोन करणं, पत्र देणं, तासाची वेळ बदलता येते का ते पाहणं. गाडीच नसेल तर 'वेळेचं नियोजन कसं करशील?' हा प्रश्न कोचिंग नव्हे, क्रूरपणा आहे.

दिवाळीआधीची दहा मिनिटं

गळतीबद्दल आपण बहुधा फेब्रुवारीत बोलतो, हजेरीपट कोरा दिसू लागल्यावर. तोवर उशीर झालेला असतो. या भागात खरी वेळ आहे दिवाळीच्या सुट्टीआधीची. तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याला एकट्याला बोलावून एवढंच विचारावं: 'दिवाळीनंतर घरचे कुठे असतील? तू कुठे असशील? परत येताना काय अडेल?' जून-जुलैत अर्ज आणि वसतिगृह, दिवाळीआधी ही भेट, जानेवारीत चौकशी आणि परीक्षेआधी उजळणी, अशा वर्षातून चार भेटी पुरतात.

साठ-सत्तर मुलं असतील तर? बहुतेक कॉलेजांत मुलांच्या याद्या मार्गदर्शक शिक्षकांना वाटून दिलेल्या असतात. यादी आहेच. प्रश्न तिच्यापुढे सह्या घेण्यापलीकडे काय घडतं, एवढाच आहे.

खरंच उपयोग होतो का?

अमेरिकेत एरिक बेटिंगर आणि रेचल बेकर यांनी ८ उच्च शिक्षण संस्थांतल्या १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा अभ्यास केला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. कोणाला कोच मिळणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं होतं. ज्यांना कोच मिळाला त्यांचं शिक्षणात टिकण्याचं प्रमाण सुमारे ५ टक्के-अंकांनी जास्त निघालं आणि कोचिंग संपल्यानंतर वर्षभरानेही फरक दिसत होता. हे कोचिंग मुख्यतः फोनवरून झालं होतं.

टोरांटो विद्यापीठातला फिलिप ओरिओपोलोस आणि उरोश पेट्रोनिजेविच यांचा अभ्यासही बोलका आहे. तिथे काही विद्यार्थ्यांना ऑनलाइन धडे दिले, काहींना प्रोत्साहनाचे मेसेज पाठवले आणि काहींना वरच्या वर्गातला एक विद्यार्थी कोच म्हणून दिला. धडे आणि मेसेज यांचा गुणांवर परिणाम दिसला नाही. माणूस मिळाला त्यांचे गुण मात्र ठळकपणे वाढले.

हे अभ्यास परदेशातले आहेत, तिथली मुलं आणि अडचणी वेगळ्या. तरी दोन गोष्टी इथेही लागू पडतात. एक, व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुविचार टाकून काही होत नाही. दोन, भट्टीवर गेलेल्या मुलाला शिक्षकाने किंवा तिसऱ्या वर्षातल्या ताई-दादाने केलेला एक खरा फोन कामाचा ठरू शकतो.

मर्यादा आणि पथ्यं

गुण देणारा आणि कोच एकच असतो, त्यामुळे मूल मोकळं बोलेलच असं नाही. 'इथे बोललेलं गुणांत येणार नाही' हे सांगायचं आणि पाळायचं.

घरची परिस्थिती चार जणांत विचारायची नाही. 'तुमच्यात असंच असतं' हे वाक्य तर कधीच नाही.

सांगितलेलं गुप्त ठेवायचं. पण जिवाला धोका, छळ किंवा अत्याचार असेल तर गप्प बसायचं नाही आणि तसं विद्यार्थ्याला आधीच सांगून ठेवायचं. लैंगिक छळाची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाते.

मूल सतत खचलेलं दिसत असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर तिथे कोचिंग थांबतं आणि उपचार सुरू होतात. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तो चोवीस तास चालतो.

तुम्ही विद्यार्थी असाल तर?

कोच शिक्षक मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. ज्या सर-मॅडमशी बोलायला सोपं वाटतं त्यांच्याकडे जा आणि तीन वाक्यं बोला: 'मला इथपर्यंत पोचायचं आहे. इथे अडतंय. मी हे करून बघणार आहे, पुढच्या सोमवारी येऊन सांगू का?' बहुतेक शिक्षक याला नाही म्हणत नाहीत.

आणि तुम्ही शिक्षक असाल, तर उद्या सगळा वर्ग बदलायला जाऊ नका. हजेरीपटावरची सर्वांत कमी हजेरीची तीन नावं निवडा. त्यांना बोलवा, बसायला सांगा, एक प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.